ठिगळांचा भुर्दंड कोणी सोसावा?

१९ जुलै २०२४ रोजी आपल्या देशातील अनेक विमानतळांवर कर्मचारी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. संगणकांचे पडदे निळे पडले होते. संप नव्हता, घातपात नव्हता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठी म्हणून धाडलेली एक फाइलच सदोष निघाली आणि विंडोज प्रणालीवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे जगभर बंद पडली. हा आकडा मायक्रोसॉफ्टनेच दिलेला आहे. कंपनीने ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली खरी. पण बंद पडलेली असंख्य यंत्रे एकेक करून, त्यांच्यापाशी बसून, हाताने दुरुस्त करावी लागली. ते काम ठिकठिकाणच्या तंत्रज्ञांनी रात्री जागून केले, आणि रांगेतल्या लोकांचा संताप झेलला तो खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी. चूक एकाची, घाम दुसऱ्याचा!

हा निव्वळ अपघात होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या प्रणालीला नवी ठिगळे पाठवीत आली आहे. कोट्यवधी ओळींची आज्ञावली सर्वस्वी निर्दोष असणे शक्य नाही, हे आम्हांसही मान्य आहे. प्रश्न चूक होण्याचा नसून तिची किंमत कोण मोजतो, हा आहे. शिंप्याने शिवलेला सदरा आठवड्यात उसवला, तर शिंपी मुकाट्याने टाके घालून देतो. येथे मात्र माल घेतानाच गिऱ्हाइकाकडून लांबलचक करारावर संमती घेतली जाते. आणि नुकसान कितीही होवो, कंपनीची जबाबदारी बहुधा भरलेल्या किमतीपलीकडे जात नाही. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, हे मक्तेदारीचे जुनेच सूत्र येथे नव्या वेषात उभे आहे.

म्हणून ठिगळ लावूच नये काय? तसे केल्यास काय होते, ते मे २०१७ मध्ये दिसले. विंडोजमधील एका भोकातून ‘वॉनाक्राय’ शिरला आणि ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांतील शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती; अनेक यंत्रांना ती लावलेली नव्हती. पण हे भोक अमेरिकेच्या हेरखात्याला आधीपासून ठाऊक होते आणि त्याने ते स्वतःच्या उपयोगासाठी दडवून ठेवले होते, हेही विसरता कामा नये. मोजली किंमत ती रुग्णांनी.

दुसरी गोष्ट याहून कमी गंभीर नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती थांबली. नव्या प्रणालीच्या अटींत न बसणारी असंख्य यंत्रे धडधाकट असूनही एका तारखेने म्हातारी ठरली. एखाद्या लहान पतसंस्थेने करावे काय? यंत्रागणिक, दर वर्षी दुप्पट होणारी रक्कम भरून दुरुस्ती विकत घ्यावी, नवी यंत्रे आणावीत, की सभासदांच्या ठेवींचे हिशेब उघड्यावर ठेवावेत?

यावर उपाय नाही असे नाही. युरोपीय संघाने २०२४ साली नवा निर्देश संमत करून आज्ञावलीलाही ‘उत्पादन’ मानले आणि दोषाचे दायित्व उत्पादकावर टाकले. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही उत्पादकाच्या दायित्वाचे प्रकरण आहे. पण त्यातील उत्पादनाची व्याख्या वायू, द्रव आणि घन एवढ्यांचीच भाषा बोलते, आज्ञावलीचे नाव घेत नाही. ही उणीव संसदेने दूर केली पाहिजे. दुसरा उपाय केरळच्या सरकारी शाळांनी दाखविला आहे. त्यांनी मुक्त आज्ञावलीचा मार्ग धरला. मुक्त आज्ञावलीतही दोष असतात. पण ती उघडून पाहण्याचा आणि सुधारण्याचा हक्क कोणा एका कंपनीच्या तिजोरीत बंद नसतो, आणि जुने यंत्र केव्हा मोडीत काढावयाचे हे तिचा मालक ठरवीत नाही.

आपले कार्यकर्ते ग्रामपंचायतींत, पतसंस्थांत, कामगार संघटनांत आहेत. संगणकाची पुढची खरेदी मंजुरीस येईल तेव्हा दोनच प्रश्न विचारावेत: दुरुस्ती किती वर्षे आणि कोणाच्या खर्चाने? बिघाड झाल्यास भरपाई कोण देणार? यांची लेखी उत्तरे मिळाल्यावाचून ठरावावर सही करू नये. यंत्राला आमचा विरोध नाही; बेजबाबदार मालकीला आहे.