दांडिया, वचन आणि मालकी

गेल्या नवरात्रात चिंचवडमधील एका वसाहतीच्या आवारात दांडिया झाला. दुसऱ्या दिवशी आपला एक जुना कामगार कार्यकर्ता सभेनंतर मागे रेंगाळला. त्याची पत्नी चाकणच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करते. आदल्या रात्री ती आपल्याच शिफ्टमधील एका सहकाऱ्याबरोबर अर्धा तास दांडिया खेळली, एवढीच घटना. पण ‘मी समोर बसलो असताना!’ हे शब्द उच्चारताना त्याचा आवाज कापत होता. घरी त्याने फर्मान काढले होते : यापुढे दांडिया बंद, आणि शक्य तर नोकरीही बंद.

हा घरगुती मामला म्हणून बाजूला सारता येणार नाही. नाचावरची बंदी एका रात्रीत नोकरीपर्यंत पोहोचली, यातच तिचे सामाजिक स्वरूप उघड होते. परक्या पुरुषांच्या शेजारी आठ तास राबून पत्नीने आणलेला पगार चालतो. शेकडो लोकांसमोर, लख्ख उजेडात त्यांपैकीच एकाबरोबर घेतलेला आनंद मात्र चालत नाही. स्त्रीचे श्रम मान्य, तिचा आनंद अमान्य, असा हा हिशेब आहे. विसर्जन मिरवणुकीत आणि वरातीत आपण स्वतः बेभान नाचतो, तेव्हा घरची परवानगी कोण मागतो?

भारतीय दंडसंहितेचे ४९७ वे कलम १८६० पासून पत्नीला पतीच्या मालकीची मानत आले. पतीची संमती असेल तर त्या कलमाखाली गुन्हाच होत नसे, आणि पत्नीला मात्र तक्रारीचा अधिकार नव्हता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. पुस्तकातले कलम गेले. मनातला मालक अजून गेलेला नाही.

डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला पहिले स्थान दिले. वचनभंग आणि बलात्कार यांखेरीज स्त्री-पुरुषांतील कोणताही संबंध त्यांनी निषिद्ध मानला नाही. म्हणजे प्रश्न उरतो तो वचनाचा. दोघांनी बरोबरीने विचार करून काही ठरविले असेल, तर ते दोघांनीही पाळावे. पण एकाने मनात धरलेली आणि दुसऱ्याला कधीच न सांगितलेली अट म्हणजे वचन नव्हे.

त्या कार्यकर्त्याचे दुःख खोटे होते, असे मी म्हणत नाही. मत्सर समाजवाद्यालाही होतो. तो लपविण्यात पुरुषार्थ नाही. ‘मला वाईट वाटले’ असे पत्नीला सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. ‘तू नाचायचे नाहीस’ असे बजावण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. पहिल्या वाक्याने संवाद सुरू होतो, दुसऱ्याने संपतो.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात सुधा वर्दे यांच्यासारख्या स्त्रिया रंगमंचावर नृत्य करू लागल्या, तेव्हा घरंदाज मुलीने लोकांपुढे नाचणे हेच अनेकांना खपत नव्हते. आपल्या चळवळीने ती कुजबुज अंगावर घेतली. तो वारसा केवळ वर्धापनदिनी आठवण्यासाठी नाही.

म्हणून त्या सहकाऱ्याला एवढेच सांगितले : आधी फर्मान मागे घे, मग बोलायला बस. येत्या नवरात्रात आपल्यापैकी किती जणांना स्वतःच्या घरी हे करता येईल, त्यावरून आपल्या समाजवादाची परीक्षा होईल.