संशोधनाचा पैसा गिरणीपर्यंत कसा येणार?

खैरलांजी, वारासिवनी, कटंगी या पट्ट्यात धानाची गिरणी चालविणाऱ्या कोणालाही विचारा, कोंड्याचे काय करता? उत्तर ठरलेले आहे : मिळेल त्या भावाने देऊन टाकतो. ठेवला तर खवट होतो. आणि खवट कोंड्याला गुरांच्या खाद्यापलीकडे गिऱ्हाईक नाही.

कोंडा खवट होतो याला गिरणीवाल्याचा आळस कारणीभूत नाही. तांदळावरचा थर सुटला की त्यातील लायपेज नावाचे द्रव्य त्याच कोंड्यातील तेलावर काम सुरू करते आणि काही तासांतच आम्लता चढू लागते. उसना तांदूळ करणाऱ्याच्या कोंड्याला हा त्रास कमी, कारण धान शिजवतानाच ते द्रव्य निष्प्रभ झालेले असते. अरवा तांदूळ काढणाऱ्या लहान गिरणीने काय करावे? कोंडा निघाल्याबरोबर त्याला ठराविक उष्णता द्यावी, हे उत्तर शास्त्राला केव्हाचे माहीत आहे. पण दिवसाला थोडकेच पोते कोंडा काढणाऱ्या गिरणीला परवडेल, वीज गेली तरी तुसावर चालेल आणि गिरणीतलाच माणूस हाताळू शकेल असे यंत्र पाहिजे. ते बसवून, तपासून, आकडे काढून देणे हे संशोधनाचे काम आहे. ते बँकेच्या कर्जाने होत नाही आणि गिरणीमालक एकटा करू शकत नाही.

अशा कामासाठी सरकारकडे पैसा आहे. तो आपल्यापर्यंत येत नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि आजचे हे संपादकीय त्यासाठी आहे.

आपला देश संशोधनावर मुळातच कमी खर्च करतो. 2020-21 मध्ये हा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के होता. त्यातला बहुतेक सरकारी संस्थांत आणि मोठ्या कंपन्यांत जिरतो. लहान उद्योगासाठी वेगळ्या खिडक्या उघडल्या त्या अलीकडच्या काळात. 2005 साली जैवतंत्रज्ञान विभागाने लहान उद्योगांच्या संशोधनासाठी ‘एसबीआयआरआय’ ही योजना काढली. 2012 मध्ये त्याच विभागाची ‘बायरॅक’ ही कंपनी स्थापन झाली. तिची 50 लाखांपर्यंतची अनुदाने नव्या कल्पनांना मिळतात, पण खरे सांगायचे तर ती शिडी आपल्या गिरण्यांना सध्या उंच आहे. आपल्या कामाच्या दोन योजना वेगळ्या आहेत.

पहिली, 10 मार्च 2022 रोजी केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने सुरू केलेली ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’. हिच्यात एका कल्पनेला 15 लाखांपर्यंत साहाय्य ठेवले आहे. यंत्राच्या आराखड्याच्या प्रकल्पाला 40 लाखांपर्यंत, त्यातही सूक्ष्म उद्योगाचा 75 टक्के भार सरकारचा. पेटंट मिळाल्यावर त्याच्या खर्चापैकी एक लाखापर्यंत परत. परंतु कल्पनेचा अर्ज गिरणीमालकाने थेट दिल्लीला टाकायचा नसतो. तो यजमान संस्थेमार्फत, म्हणजे मान्यता मिळालेल्या विद्यापीठ-महाविद्यालयासारख्या संस्थेमार्फत जातो, आणि त्या संस्थेला यंत्रसामग्रीसाठी एक कोटीपर्यंत वेगळे मिळू शकतात. दुसरी, राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून 2018-19 पासून कृषी विद्यापीठांत उघडलेली कृषी-उद्योग संगोपन केंद्रे. प्राथमिक कल्पनेला 5 लाखांपर्यंत, उभ्या राहिलेल्या उद्योगाला 25 लाखांपर्यंत. यातले एक केंद्र जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठात आहे. म्हणजे आपल्याच विभागात!

दोन्हींत गोम एकच. विद्यापीठ शेजारी उभे असल्याशिवाय लहान उद्योगाच्या अर्जाला किंमत नाही.

हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य आहे असे नाही. अमेरिकेने 1992 साली लहान उद्योगांसाठी जी तंत्रज्ञान-हस्तांतरण योजना काढली, तिच्यात अटच होती की कामाचा किमान 40 टक्के भाग उद्योगाने आणि किमान 30 टक्के भाग संशोधन संस्थेने करावा. इंग्लंडची तऱ्हा आम्हाला अधिक आवडते. तेथे 1975 पासून नव्याने पदवी घेतलेला तरुण कारखान्यातच नेमला जातो, विद्यापीठातील प्राध्यापक त्याला मार्गदर्शन करतात आणि पगाराचा मोठा वाटा सरकार उचलते. 2003 पासून तिचे नाव बदलले, पद्धत तीच. मुरझडच्या कृषी महाविद्यालयातून निघणारा पदवीधर वर्षभर खैरलांजीच्या गिरणीत बसला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आज तो पदवी हाती पडताच स्पर्धा परीक्षेच्या वर्गासाठी इंदूर किंवा पुण्याची गाडी पकडतो.

आणि ही कल्पना परदेशातून आणावी लागते असेही नाही. 1934 साली गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा सल्लागार म्हणून प्रफुल्लचंद्र राय, जगदीशचंद्र बसू, सी. व्ही. रामन यांना घेतले होते. हातसडीच्या तांदळाचा आणि घाणीच्या तेलाचा विचार करायला देशातले पहिल्या प्रतीचे शास्त्रज्ञ! कुमारप्पांनी त्या संघाचे काम चालविले ती मगनवाडी आजही आहे, आणि तेथेच केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करते. तिचे कामच मुळी ग्रामोद्योगांना तंत्र देणे हे आहे. खैरलांजीहून वर्ध्याला सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो.

नागपूरचे उदाहरण त्याहून जवळचे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण खाणींच्या धंद्यात पैसा मिळवून 1930 साली वारले. जाताना त्यांनी आपल्या मिळकतीतून सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञान शिकविण्यासाठी ठेवले. त्या काळचे 35 लाख! त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली, 2023 मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेल, अन्नप्रक्रिया, रंग हे तिचे जुने विषय. कोंड्याच्या तेलाचा प्रश्न घेऊन जायला याहून योग्य दार आम्हाला दिसत नाही. व्यापाऱ्याचा पैसा विद्यापीठात गेला, ही एक बाजू झाली. विद्यापीठाची विद्या व्यापाऱ्याच्या दारी यावी, ही दुसरी बाजू राहून गेली आहे.

नागपूरचे नाव काढले की कोणी म्हणेल, ते दुसऱ्या राज्यात. 1956 पर्यंत नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती, भंडारा आणि बालाघाट एकाच प्रांताचे जिल्हे होते. आम्ही होतो तेथेच राहिलो, सरहद्द मात्र वैनगंगेवर आली. राज्य सरकारच्या योजना नदी ओलांडत नाहीत हे खरे, पण केंद्राच्या योजनेत बालाघाटच्या उद्योगाने महाराष्ट्रातील संस्थेचे साहाय्य घेऊ नये असे आम्ही कोठे वाचलेले नाही. ही अडचण कागदापेक्षा मनात जास्त आहे. जिल्ह्याच्या कार्यालयात बसलेल्या साहेबांना जबलपूर-भोपाळ दिसते, आम्हाला नागपूर-वर्धा दिसते. दोन्हीकडे जायला काय हरकत आहे?

या दोन तीरांचे नुकसान कसे होते ते चिन्नोरमध्ये पाहावे. बालाघाट चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठीच्या शास्त्रीय कामात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा हात होता, आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पुढे 2023 मध्ये नदीपलीकडच्या भंडारा चिन्नोरलाही वेगळे मानांकन मिळाले. एकाच सुगंधाची दोन प्रमाणपत्रे झाली. दोघांचाही आनंद मानू. पण चिन्नोर उशिरा येतो, उंच वाढून लोळतो, एकरी कमी उतरतो. म्हणूनच त्याला भाव जास्त पाहिजे, आणि भाव जास्त मिळायचा तर पोत्यात चिन्नोरच आहे याची खात्री गिऱ्हाइकाला पाहिजे. सुगंध किती टिकतो, कोणत्या ओलाव्याला दळावा, किती महिने ठेवावा, भेसळ कशी पकडावी, यातला एकेक प्रश्न एकेका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय आहे. दोन्ही तीरांवरच्या गिरण्यांनी मिळून तो विचारायला हवा होता. तसे झाले नाही. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदण्याचे शुल्क 2020 मध्ये 500 रुपयांवरून 10 रुपये केले गेले. आमच्या वाचकांपैकी किती गिरणीवाल्यांनी हे दहा रुपये भरले, हे ज्याने-त्याने स्वतःला विचारावे.

वारासिवनीच्या हातमागाच्या साड्यांनाही 2023 मध्ये मानांकन मिळाले. मागावरच्या प्रश्नांविषयी आमच्या कोष्टी बांधवांनीच लिहावे, आम्ही पाने देऊ.

आता दोष फक्त सरकारचा, असे म्हणणे सोपे आहे. जुन्या घराण्यांची एक अडचण आम्ही येथे उघड लिहितो, कारण ती दुसरे कोणी लिहिणार नाही. गिरणी आजोबांच्या नावाने, जागा तीन भावांच्या सामाईकीत, फौती कित्येक वर्षे अडकलेली, विजेचे मीटर काकांचे आणि व्यवहार पुतण्याच्या हाती. मालगुजारी गेली तरी कागद मालगुजारीतलेच. अशा गिरणीची उद्यम नोंदणी कोणाच्या नावाने करायची? अर्ज पहिल्या पानावर अडतो तो इथे. अनुदान हे भावाभावांच्या वाटणीचे कारण होईल ही भीतीही खरी आहे. त्यासाठी घरात बसून बोलावे लागेल, मंडळ त्यात मध्यस्थी करू शकते आणि करील.

दुसरी भीती आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकतो : प्राध्यापक येतील, आपली रीत पाहतील, निबंध छापून बढती घेतील, आपल्याला काय? ही शंका अनाठायी नाही. विद्यापीठात माणसाची किंमत छापलेल्या निबंधांवर ठरते, गिरणी चालली की नाही यावर ठरत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच लेखी करार व्हावा. निघालेल्या यंत्राचा वा रीतीचा हक्क कोणाचा, पेटंट झाले तर वाटा किती, काय छापावे आणि किती दिवसांनी, गिरणीच्या हिशेबाची गुप्तता कोण पाळणार. एवढे चार मुद्दे एका पानात मावतात. विश्वासाने काम करावे, पण कागद करून करावे. आपले वाडवडील कुळाशीही तसेच वागत.

तिसरी गोष्ट पैशाची. बऱ्याच योजनांत काही वाटा स्वतःचा घालावा लागतो आणि काही रक्कम आधी खर्च करून मग मिळते. एका गिरणीला ते जड जाते, पाच गिरण्यांना जात नाही. प्रश्न सगळ्यांचा एकच असेल तर अर्ज एकत्र का नसावा?

आणि आता लोकप्रतिनिधींविषयी. निवडणूक आली की उमेदवार आपल्या बैठकीत येतात आणि विचारतात, समाजाला काय पाहिजे? आपण दरवेळी समाजभवन मागतो, सभामंडप मागतो, स्वागतकमान मागतो. कमान मिळतेही. आमचे स्पष्ट मत आहे की येत्या निवडणुकीत मंडळाने दुसरे काही मागावे. या जिल्ह्याच्या भूमीतून भरवेलीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे निघते. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानची रक्कम जमा होते. शिवाय कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर घालावा लागतो, आणि सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधन व सरकारी मदतीची संगोपन केंद्रे यांना दिलेला पैसा त्यात धरला जाईल अशी दुरुस्ती 2019 मध्ये झाली आहे. तेव्हा मुरझडच्या महाविद्यालयात कोंडा आणि तांदूळ तपासणारी एक लहान प्रयोगशाळा, आणि तेथे लहान उद्योगांचे प्रश्न ऐकून घेणारा एक जबाबदार प्राध्यापक, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी. एवढेच मागावे. जो उमेदवार हे लिहून देईल त्याच्या सभेला आपण सतरंज्या घालू. जो नुसती मान डोलावील त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही पुढील गोष्ट ठेवीत आहोत. या हंगामातील धान गिरण्यांत येऊ लागले की तयार असलेल्या गिरणीमालकांची बैठक घ्यावी. प्रत्येकाने उद्यम नोंदणीचा कागद, दोन वर्षांचा हिशेब, जागेच्या खसऱ्याची नक्कल आणि आपल्या अडचणीचे वर्णन साध्या मराठीत वा हिंदीत एका पानावर लिहून आणावे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी महाविद्यालयात शिकणारा घरातला मुलगा किंवा मुलगी सोबत आणावी, कारण पुढे जबलपूर, नागपूर आणि वर्ध्याला त्यांनाच जायचे आहे. कोंड्याचा नमुना आणायचा तर त्याच दिवशी निघालेला, हवाबंद डब्यात, वर गिरणीचे नाव, धानाची जात आणि दळल्याची वेळ लिहून आणावा. कालचा कोंडा चालणार नाही.