अभिनंदनाचा फलक आणि प्रयोगशाळेतली जागा

२०२३चे वैद्यकशास्त्राचे नोबेल कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना मिळाले आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ते अभिमानाने मिरवले. याच विद्यापीठाने १९९५मध्ये, संशोधनाला अनुदान मिळेना म्हणून कारिको यांना खालच्या पदावर आणले होते. तरीही त्या टिकून राहिल्या. आरएनएतील एक घटक बदलला तर शरीर त्यावर तुटून पडत नाही, हे दोघांनी २००५मध्ये दाखवले. कोविडवरील एमआरएनए लशींना त्याचाच आधार मिळाला.

आपली विद्यापीठेही यशाच्या याद्या छापतात. त्यासोबत एवढेही सांगावे : अनुदान नसताना चिकाटीने काम करणाऱ्या किती जणांना प्रयोगशाळेत जागा दिली? फलक नंतरही लावता येतो. कंटाळून निघून गेलेला संशोधक सहसा परतत नाही.