बाबांच्या चेतकचा रंग

बाबांची १९७४ सालची बजाज चेतक आमच्या पडवीत उभी आहे. ‘जीडी’ने सुरू होणारा जुना नंबर, आणि मूळचा निळा रंग गोव्याच्या उन्हाने, खाऱ्या वाऱ्याने राखाडी पडलेला. गेल्या दिवाळीत एका पेंटरला दाखवली. त्याने दोन मिनिटांत निकाल दिला, “सगळो रंग खरवडून काडटां, नवी कोरी करून दितां.”

मी नको म्हटले. का, ते सांगतो.

त्या काळच्या साध्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक थर नसे. रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारे द्रव्य एकाच थरात असे. उन्हाने ते धरून ठेवणारे द्रव्य वरच्या वर खराब होते आणि रंगाची भुकटी सुटू लागते. पांढरे फडके फिरवून पाहा, फडक्याला रंग लागतो. पण ही भुकटी वरच्या पातळ पापुद्र्याची. खालचा रंग पुष्कळदा शाबूत असतो. विटलेला रंग म्हणजे मेलेला रंग नव्हे!

मी सौम्य साबणाने गाडी धुतली, सावलीत वाळवली. बारीक पॉलिश मऊ फडक्याने हळूहळू फिरवले, शेवटी मेण लावले. (जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा कोरडे घासून धूळ उडवू नये.) तीन रविवार गेले आणि निळा रंग वर आला. मात्र उत्साहाच्या भरात पुढच्या पत्र्याची कड जास्त घासली आणि खालचा प्रायमर दिसू लागला. कडेला रंग पातळ असतो, हे मला उशिरा कळले. तो ठिपका आता माझ्या नावावर!

लहानपणी मी पुढे उभा राहून प्रवास करायचो. माझ्या बुटांनी पडलेले ओरखडे तिथे अजून आहेत. पेंटरने ते एका दुपारीत पुसले असते, आणि मला ते परत कुठून मिळाले असते?

आपल्याकडे जुने म्हटले की जीर्णोद्धार, आणि जीर्णोद्धार म्हटले की नवा चकचकीत रंग. गोव्यातल्या कितीतरी देवळांच्या भिंतींवरची कावी कला अशीच भक्तिभावाने नव्या रंगाखाली गेली. हेतू वाईट नव्हता, पण गेले ते गेलेच.

कारकुनाला नियम वाचायची खोड असते. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. सगळा भर ‘मूळ’ या शब्दावर आहे. रंगालाही आपण तोच न्याय का लावू नये?

गंजाने पत्रा खाल्ला असेल तर मात्र हट्ट धरू नये. तेवढा भाग दुरुस्त करून रंगवावाच, नाहीतर गाडीच हातची जाईल. पण केवळ फिकी दिसते म्हणून सगळी खरवडू नका. नवा रंग कधीही देता येतो. कारखान्यातून आलेला रंग एकदाच मिळतो.

आमची चेतक आजही नवीकोरी दिसत नाही. बाबांची दिसते. मला तेवढे पुरे आहे.