कोंबडीचे खाद्य आणि माणसाचे शेवटचे औषध

कोलिस्टिन हे प्रतिजैविक 1950 नंतर काही वर्षे माणसांच्या उपचारात प्रचलित होते. परंतु त्यापासून मूत्रपिंडांना व मज्जातंतूंना इजा पोहोचते असे अनुभवास आल्यावर, आणि त्याहून सौम्य औषधे उपलब्ध झाल्यावर, 1970 च्या सुमारास डॉक्टरांनी ते बहुतांशी बाजूला ठेवले. पशुखाद्याच्या धंद्याने मात्र ते सोडले नाही. कोंबड्या व डुकरे लवकर वजनास यावीत म्हणून निरोगी जनावरांच्या खाद्यातही ते अल्प मात्रेत नित्य मिसळले जाऊ लागले. पुढे कार्बापेनेम वर्गातील प्रबळ औषधांनाही दाद न देणारे जीवाणू रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत आढळू लागले, तेव्हा दुसरा इलाजच उरला नाही म्हणून हेच टाकलेले औषध डॉक्टरांना पुन्हा हाती घ्यावे लागले. आणि आसन्नमरण रुग्णाचा प्राण व कोंबडीच्या वजनातील किंचित वृद्धी या दोन सर्वस्वी विषम गोष्टींचा भार एकाच द्रव्यावर येऊन पडला.

याचा परिणाम काय होतो ते नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने जगापुढे आले. डुकरांत, बाजारातील मांसात आणि रुग्णालयातील रोग्यांत अशा तिन्ही ठिकाणच्या जीवाणूंमध्ये त्यांना कोलिस्टिन निष्प्रभ करणारे एकच जनुक, एमसीआर-1, सापडले. कोलिस्टिनला दाद न देणारे जीवाणू पूर्वीही माहीत होते, पण त्यांचा तो गुण त्यांच्या मूळ गुणसूत्रात असल्याने केवळ त्यांच्याच वंशाकडे वारसाने जात असे. हे नवे जनुक मात्र प्लास्मिड नावाच्या सुट्या, वर्तुळाकार डीएनएवर बसलेले होते, आणि असे प्लास्मिड एक जीवाणू शेजारच्या जीवाणूला, तो दुसऱ्या जातीचा असला तरीही, प्रत्यक्ष संपर्कातून देऊ शकतो. कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जीवाणूने मिळवलेला गुण शेणखतातून, सांडपाण्यातून, मांस कापणाऱ्याच्या हातांतून माणसाच्या आतड्यात पोहोचावा आणि तेथील रोगकारक जीवाणूने तो उचलावा, यास निसर्गाची कोणतीही हरकत नाही.

हे सर्व अनपेक्षित होते असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. ज्या औषधांनी माणसांवर उपचार होतात ती जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत, अशी शिफारस ब्रिटनमधील स्वान समितीने 1969 मध्येच केली होती. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी 1976 मध्ये दाखवून दिले होते की, टेट्रासायक्लिन घातलेले खाद्य कोंबड्यांना दिल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या आतड्यातील जीवाणू त्या औषधाला जुमानेनासे झाले आणि काही महिन्यांत त्याच शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही तसे जीवाणू वाढले. तरीही युरोपीय संघाने वाढीसाठी होणारा प्रतिजैविकांचा वापर सरसकट बंद केला तो 1 जानेवारी 2006 रोजी. आणि आपल्या केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांस मनाई केली ती जुलै 2019 मध्ये.

तो हुकूम योग्यच होता. अशा मनाईने फळ मिळते, हेही चीननेच दाखवले आहे: तेथे 2017 पासून वाढीसाठीचे कोलिस्टिन बंद झाले, 2015 मध्ये सत्तावीस हजार टनांवर असलेले पशुखाद्यातील कोलिस्टिनचे उत्पादन 2018 मध्ये अडीच हजार टनांच्या आत आले, आणि जनावरांबरोबरच माणसांतही ते जनुक बाळगणाऱ्या जीवाणूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या उतरले. परंतु एकेका औषधाचे नाव घेऊन काढलेली मनाई पुरेशी नसते, कारण बंद झालेल्या औषधाची जागा दुसरे औषध घेते. सरकारने औषधाच्या नावाइतकेच त्याच्या व्यवहाराकडे लक्ष दिले पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

हा व्यवहार शेतकऱ्याच्या हाती फारसा नाही, आणि म्हणून सारा दोष त्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. कराराने ब्रॉयलर वाढवणाऱ्या शेतकऱ्याला पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी पुरवते. खाद्यात काय आहे हे विचारण्याचा अधिकार त्याला कागदोपत्री असला तरी बळ नसते. दुधाची गोष्ट याहून कठीण आहे. गाईला दगडी झाली, कास सुजली, की प्रतिजैविकाचे इंजेक्शन बहुधा ठरलेले. त्यानंतर ठरावीक मुदतीपर्यंत ते दूध संकलन केंद्रावर घालू नये हा नियम शास्त्रशुद्ध आहे, पण त्या मुदतीत चारापेंडीचा खर्च थांबत नाही आणि कर्जाचा हप्ताही थांबत नाही. ज्या नियमाच्या पालनाचा संपूर्ण भुर्दंड दोन गाईंच्या धन्यावर पडतो, तो नियम मोडला जाणारच.

डेन्मार्कने या प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. तेथे 1990 नंतरच्या दशकात पशुवैद्याला औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर कडक मर्यादा घातली गेली, म्हणजे अधिक औषध लिहून देण्यात त्याचा स्वार्थ उरला नाही. आणि 1995 पासून जनावरे, अन्न व माणसे या तिन्हींतील जीवाणूंची एकत्रित नोंद ठेवण्याची तजवीज झाली. आपल्याकडे पशुसंवर्धनाचे दप्तर वेगळे, आरोग्याचे वेगळे आणि अन्न व औषध प्रशासनाचे तिसरेच. आणि गुरांच्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीवाचून प्रतिजैविक मिळणे ही खेड्यापाड्यांत कोणालाही नवलाची गोष्ट वाटत नाही.

राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात. कोंबडीखाद्यात कोणती औषधे मिसळली आहेत ते पोत्यावर मराठीत छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे. प्रत्येक तालुक्यात पशुवैद्यकांची रिक्त पदे भरावीत, म्हणजे चिठ्ठीची सक्ती शेतकऱ्याला जाचक होणार नाही. आणि औषधाच्या मुदतीत ओतून द्यावे लागणाऱ्या दुधाची नुकसानभरपाई दूध संघ व सरकार यांनी निम्मी निम्मी सोसावी. ज्या आमदारांच्या मतदारसंघांत दूध संघ आहेत, त्यांनी या शेवटच्या तरतुदीची मागणी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.