सासूबाई, मी आणि मेहेरजान

आमच्या घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. मराठी कपाट माझ्याबरोबर शहापुरातून आलं, कन्नड कपाट सासूबाईंबरोबर धारवाडहून. दोन्हींतून स्तोत्रं, पाककृती आणि जुने दिवाळी अंक बाजूला काढले की उरतात ऐतिहासिक कादंबऱ्या. त्यातही ज्यांत राजा लढतो कमी आणि झुरतो जास्त, अशाच आम्हा दोघींच्या आवडीच्या. शहाणी माणसं या वाचनाला नावं ठेवतात. ठेवोत बापडी.

इतकी वर्षं वाचून माझी काही मतं पक्की झाली आहेत. या कादंबऱ्यांत पौर्णिमा महिन्यातून चारदा येते. नायिका गवाक्षात उभी राहिली की चंद्र हजर. तिला कधी सर्दी होत नाही. राजा जेवायला बसतो, पण दुसरा घास घेण्याआधी खलिता येतो आणि तो ताट सोडून उठतो. त्या ताटाचं पुढं काय झालं, हे एकाही लेखकानं लिहिलेलं नाही. (लेखिका असती तर लिहिलं असतं.) वाड्यात भुयार असलंच पाहिजे, आणि दासींपैकी एक तरी फितूर. समईची वात मात्र नेमकी हव्या त्या वेळी मंद होते. आमच्याकडं तेवढ्यासाठी वीज मंडळावर अवलंबून राहावं लागतं.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी रणजित देसाईंची ‘स्वामी’ तिसऱ्यांदा वाचत होते. देसाई कोवाडचे, म्हणजे आमच्या बेळगावहून एसटीनं सकाळी जाऊन दुपारी परत यावं, इतके शेजारचे. त्यांच्या रमाबाईंच्या बोलण्याची माझ्यावर अशी काही भूल पडली, की एका संध्याकाळी हे ऑफिसातून आल्यावर मी दारात विचारलं, “इकडून येणं झालं का?” ह्यांचं शिक्षण कन्नड शाळेतलं. चपला काढता काढता म्हणाले, “इकडून म्हंजे कुठून? मी स्टँडवरून आलो की.” त्या दिवशी आमच्या घरातली पेशवाई बुडाली.

सासूबाईंशी सूत जुळलं तेही कादंबरीमुळंच. मी त्यांना ‘अत्ते’ म्हणते. तेव्हा त्यांचं मराठी आणि माझं कन्नड, दोन्ही मीठ-तिखटापुरतंच होतं. एकदा मी हरिभाऊ आपट्यांचं ‘वज्राघात’ वाचत भाजी परतत होते. विजयनगरच्या रामराजाचा इतका राग आला, की हातातली पळी कढईवर आपटून मी म्हटलं, “मेला, फसवून गेला तिला!” अत्ते देवघरातून बाहेर आल्या. “कोण? मेहेरजानला सोडून गेला तो?”

मी गारच पडले. हरिभाऊंच्या कादंबऱ्या गळगनाथांनी कन्नडात नेल्या होत्या, हे मला कुठं ठाऊक! ‘वज्राघात’चं त्यांनी केलं ‘कन्नडिगर कर्मकथे’. ते अत्तेंनी मुलगी असताना वाचलेलं. गळगनाथ स्वतःची पुस्तकं डोक्यावर घेऊन गावोगाव विकत फिरत, असं त्या अभिमानानं सांगतात. म्हणजे मी शहापुरात आणि त्या धारवाडात, एकाच बाईसाठी रडलो होतो, फक्त वेगवेगळ्या लिपीत. त्या दिवशी भाजी करपली. कुणी काही बोललं नाही.

रामराजाबद्दल आमचं दोघींचं आजही एकमत आहे. कन्नडात त्याला ‘अळिय रामराय’ म्हणतात. अळिय म्हणजे जावई, कृष्णदेवरायाचा. गड्यानं अख्खं साम्राज्य चालवलं, पण साडेचारशे वर्षं उलटली तरी नावापुढचं जावईपण काही सुटलं नाही. 1565 सालच्या राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगर पडलं. सुलतान एकत्र आले, तोफा भारी पडल्या, अशी कारणं इतिहासाच्या पुस्तकांत असतात. ती खरीच असतील. अत्तेंचं म्हणणं, बाईला फसवलं तेव्हाच निकाल लागला होता.

असं सगळं मजेत चाललेलं असताना गेल्या मे महिन्यात माझ्या लेकीनं ‘स्वामी’ हातात घेतली. सोळाव्या वर्षी मी घेतली होती, तशीच. दोन दिवसांत संपवली. मी वाटच बघत होते, आता ही रडत येईल आणि मी तिला जवळ घेईन. ती आली ती कपाळाला आठ्या घालून. “आई, रमाबाईंना जाऊ का दिलं? कुणी अडवलं कसं नाही?”

1772 साली थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. कादंबरीचा शेवट तोच. ती पानं मी किती वेळा वाचली असतील! प्रत्येक वेळी पदर ओला झाला आणि प्रत्येक वेळी वाटलं, प्रेम असावं तर असं. लेकीला काय सांगावं ते सुचेना. पुस्तक घेऊन ती पानं पुन्हा काढली. पहिल्यांदाच डोळे कोरडे राहिले.

मग रात्री आम्ही तिघी हिशेब करत बसलो. मस्तानी, बाजीरावांच्या पाठोपाठ गेली. अत्तेंच्या कपाटातली के. व्ही. अय्यरांची ‘शांतला’ निघाली. हे अय्यर बंगळूरचे नामांकित व्यायामपटू, स्वतःची व्यायामशाळा चालवणारे, आणि हात घातला राणीच्या काळजाला! होयसळांची ही शांतला शिवगंगेला गेली. लोक तर सांगतात, पोटी मूल नाही म्हणून तिनं कड्यावरून उडी घेतली, राजाला दुसरं लग्न करता यावं म्हणून. एकूण दोन्ही कपाटांत शेवटी मरते ती नायिका.

“काशीबाई?” लेकीनं विचारलं. काशीबाई जगल्या. बाजीरावांमागं राहिल्या, आणि मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर शनिवारवाड्यात वाढला. पण इनामदारांच्या ‘राऊ’त मी स्वतः काशीबाईंची पानं भराभर उलटत मस्तानीकडं पळायची, हे लेकीपुढं कबूल करावं लागलं.

अत्ते चष्मा पुसत होत्या. त्यांना चौतिसाव्या वर्षी वैधव्य आलं. पदरात तीन मुलं. शिवणयंत्रावर तिघांना शिकवलं.

“मी राहिले की गं,” त्या म्हणाल्या. “मुलं लहान होती. माझ्यावर कोण लिहितंय कादंबरी?”

लेक त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात निघाले, तर अत्तेंनी पाठीमागून हाक मारली. “अगं, राजाराणीचंच आण. पण राणी शेवटपर्यंत असलेलं बघ. आणि अक्षर मोठं.”

ग्रंथपालांनी दोन कपाटं धुंडाळली. अजून शोधताहेत.