लग्नाची अट



न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेव्हापासून उरणच्या आमच्या मुली देशोदेशी जाणारी जहाजे पाहतात. त्या देशांत भारताची राजदूत म्हणून आपली मुलगी का जाऊ नये, असे आम्ही विचारले की घरोघरी उत्तर मिळते, "आधी लग्न!"

एकेकाळी सरकारचाही हाच हेका होता. १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा यांच्याकडून, लग्न केल्यास राजीनामा देईन, अशी हमी घेतली गेली. लग्नासाठी स्त्री अधिकाऱ्याने लेखी परवानगी घ्यावी, असा नियम होता. पुरुषांना तो नव्हता. मुथम्मा १९७० साली हंगेरीत राजदूत झाल्या. पुढे बढती नाकारताच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच बढती मिळाली. १९७९ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी असे नियम संविधानातील समतेच्या विरुद्ध असल्याचे बजावले. लग्नाचा तो नियम गेला.

त्या मोकळ्या वाटेने वैद्यकीय पदवीधर देवयानी खोब्रागडे १९९९ साली या सेवेत आल्या. लग्न झाले, मुली झाल्या, नोकरी सुटली नाही. २०२० साली त्या कंबोडियात राजदूत झाल्या.

या सेवेसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. एकवीस वर्षे पूर्ण झाली की संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा देता येते. सरकारने काढून टाकलेली अट आपण आपल्या घरात का जपून ठेवावी?